नोकरी गेल्यानंतर: आधी काय, मग काय

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती. दहा-पंधरा वर्षं नोकरी झालेली, फ्लॅटचे हप्ते चालू असलेली, मुलं शाळेत असलेली ही माणसं. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं, तेव्हा हीच पाळी शॉप फ्लोअरवरच्या कामगारांवर आली होती. हिंजवडीतली आयटी कंपनी असो की तळेगावचा कारखाना, चांगलं काम करणाऱ्याचीही नोकरी जाऊ शकते, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही. गेल्यावर काय करायचं, हे मात्र सांगावं लागतं.

बहुतेक जण त्याच रात्री नोकरीच्या साइटवर बसतात आणि दिसेल त्या जागेला अर्ज टाकत सुटतात. घाबरलेलं मन काहीतरी केल्याचं समाधान शोधत असतं. पण अर्ज आठवड्याने टाकला तरी फारसं बिघडत नाही. चुकीच्या कागदावर केलेली सही मात्र दुसऱ्या दिवशी मागे घेता येत नाही. म्हणून एकच सूत्र धरावं: ज्या कामाची मुदत सर्वांत आधी संपते, ते काम सर्वांत आधी. या लेखातला क्रमही तोच आहे.

सही करण्याआधी

बैठक साधारण अशी होते. कॅलेंडरवर अचानक 'कनेक्ट' नावाचं आमंत्रण येतं. खोलीत मॅनेजर असतो आणि एचआरची एक व्यक्ती, जिला तुम्ही याआधी कधी पाहिलेलं नसतं. दहा मिनिटांत बोलणं संपतं आणि एक मसुदा पुढे येतो: 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' आजच मेल करा, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर रेकॉर्डवर 'टर्मिनेटेड' लागेल, असं गोड आवाजात सांगितलं जातं.

इथे एकच वाक्य बोलायचं: "मला हे लेखी द्या, मी वाचून उद्या उत्तर देतो." रागवायचं नाही, रडायचं नाही, वाद घालायचा नाही. घरी आल्यावर त्याच आशयाचा एक छोटा मेल करायचा. आज अमुक वाजता बैठक झाली, मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, अटी लेखी कळवाव्यात. पुढे कधी गरज पडली तर तारीख-वेळ असलेला हा मेल तुमच्या बाजूने उभा राहतो.

एवढा आग्रह कशासाठी? तर राजीनामा आणि कपात यांत पैशाचा फरक आहे. कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' म्हणून बसणाऱ्या आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्या माणसाला कमी करायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही तो आहे. स्वेच्छेने राजीनामा दिला, की या भरपाईवरचा हक्क तुम्ही आपल्या हाताने सोडून दिलेला असतो.

"पण मी तर सीनियर मॅनेजर, मी कुठला कामगार?" असं वाटेल. व्हिजिटिंग कार्डावरचं पद इथे निर्णायक नसतं. प्रत्यक्षात काम काय करत होता हे पाहिलं जातं. तांत्रिक काम करणारा माणूस 'लीड' म्हणवला गेला तरी कामगाराच्या व्याख्येत बसू शकतो. माणसं नेमण्या-काढण्याचे, रजा मंजूर करण्याचे अधिकार खरोखर असतील तर मात्र तो व्यवस्थापनात मोडतो. शंका असेल तर कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडे एक तास घालवावा. त्याची फी वाया जात नाही. जिल्ह्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही लेखी तक्रार करता येते. प्रसूती रजेवर असताना स्त्रीला कामावरून काढणं तर कायद्याने थेट निषिद्ध आहे, हे लक्षात ठेवावं.

सगळ्यांनाच भांडायचं नसतं, आणि भांडणं दर वेळी शहाणपणाचंही नसतं. भांडायचं नसेल तर निदान घासाघीस करा. कंपनीलाही प्रकरण शांतपणे मिटवायचं असतं. काय मागता येतं? नोटीस काळाचा पूर्ण पगार, दोनाऐवजी तीन-चार महिन्यांची जादा रक्कम, गट आरोग्य विम्याची मुदत काही महिने पुढे, जॉइनिंग बोनस किंवा प्रशिक्षणाच्या बाँडची वसुली माफ, शिल्लक रजांचे पैसे, आणि 'पद रद्द झाल्यामुळे सेवा संपुष्टात' असा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र. सगळं मिळणार नाही. पण न मागणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

लॅपटॉप परत करण्याआधी

ऑफिसचं लॉगिन कधी बंद होईल ते सांगता येत नाही. कधी कधी बैठक संपायच्या आतच बंद होतं. त्यामुळे पहिल्या काही तासांतलं काम म्हणजे आपले कागद आपल्या ताब्यात घेणं. नेमणूकपत्र, पगारवाढीची सगळी पत्रं, निदान शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, सगळे फॉर्म १६, वार्षिक मूल्यमापनाचे अहवाल, आरोग्य विम्याचं कार्ड, मिळालेली प्रशस्तिपत्रं. हे तुमचं आहे. कंपनीचा कोड, ग्राहकांची माहिती, सादरीकरणं तुमची नाहीत. 'नमुना म्हणून' त्यांची एकही फाइल स्वतःला मेल करू नका. सन्मानाने बाहेर पडणारा माणूस त्या एका फाइलमुळे अडकतो.

भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला, म्हणजे यूएएनला, जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, आधार आणि बँक खातं पडताळलेलं आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्या. लिंक्डइन, आयकर, म्युच्युअल फंड यांपैकी कुठे ऑफिसचा ईमेल दिलेला असेल तर तो लगेच बदला, कारण तो बंद झाला की ओटीपी यायचे थांबतात.

त्याच संध्याकाळी, घरी

नोकरी गेल्याचं घरी न सांगता महिना-महिना डबा घेऊन बाहेर पडणारी, दिवसभर मॉलच्या फूड कोर्टात किंवा वाचनालयात बसून संध्याकाळी ठरलेल्या वेळी परतणारी माणसं आपल्या आसपास आहेत. कारण समजू शकतं: आईवडील घाबरतील, सासरी काय म्हणतील, सोसायटीत बोभाटा होईल. पण या नाटकाची किंमत फार मोठी असते. खर्च कमी करायला घरचे तयार झाले असते, ते होत नाहीत. आणि एखाद्या मावसभावाच्या कंपनीत जागा निघालेली असते, ती तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

जोडीदाराला त्याच दिवशी सांगा. मुलं कळत्या वयाची असतील तर त्यांनाही, त्यांना झेपेल अशा शब्दांत. आईवडिलांना सांगताना आकड्यांसह सांगितलं की धीर राहतो: "नोकरी गेली आहे, पण सहा महिने घर चालेल एवढे पैसे आहेत, आणि शोध सुरू केलाय." तेवढे पैसे नसतील तर जे आहे ते सांगा, खोटा आकडा नको. झोप उडाली, जेवण जाईना, मनात वेडेवाकडे विचार येऊ लागले तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

पहिला आठवडा: पैशाचा हिशेब

एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे येणं, उजवीकडे देणं.

येण्यात सर्वांत मोठी रक्कम बहुधा ग्रॅच्युइटीची असते. कायम नोकरीत पाच वर्षं सलग झाली असतील तर ती मिळते. सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. समजा मूळ पगार ५२,००० रुपये आणि नोकरी आठ वर्षं सात महिने. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून नऊ वर्षं. ५२,००० भागिले २६ म्हणजे २,०००. गुणिले १५ म्हणजे ३०,०००. गुणिले ९ म्हणजे २,७०,०००. कंपनीच्या हिशेबात याहून कमी आकडा दिसला तर कारण विचारा. ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, आणि उशीर झाला तर त्यावर व्याज. नव्या संहितांमध्ये 'वेतना'ची व्याख्या बदलली आहे. मूळ पगार तुटपुंजा दाखवून भत्ते फुगवलेले असतील तर एका मर्यादेपलीकडचे भत्ते वेतनात धरावे लागतात. त्यामुळे ग्रॅच्युइटीचा पायाच वाढू शकतो, हेही तपासून पाहा.

उरलेला पगार आणि इतर वेतन किती दिवसांत मिळायला हवं? 'फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात' असं सगळीकडे सांगितलं जातं. ती कंपन्यांची पद्धत झाली. वेतन संहितेनुसार कामावरून कमी केलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकतं करायला हवं. या तरतुदीचा उल्लेख करून एक नम्र मेल पाठवला, तरी फाइल हलते असा अनेकांचा अनुभव आहे.

पीएफला शक्यतो हात लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने जो निर्णय घेतला त्यानुसार नोकरी सुटल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येते आणि उरलेली बारा महिन्यांनी. अर्ज करण्याआधी पोर्टलवर चालू नियम पाहून घ्या. काढता येते म्हणून काढायची असं नव्हे. पैसे न काढताही त्यावर व्याज मिळत राहतं, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा मोडत नाही. पाच वर्षांच्या आत रक्कम काढली तर एरवी कर लागतो. पण मालकाचा धंदा आटोपल्यामुळे किंवा तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर त्या करातून सूट मिळू शकते. कपातीचा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र मागून घ्यायचं ते यासाठीही. राजीनामा 'वैयक्तिक कारणास्तव' असेल, तर हाताबाहेरचं कारण दाखवणार कसं?

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय कापला जाणाऱ्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या दोन योजना आहेत, ज्यांचा फायदा फार थोडे लोक घेतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगार झाल्यावर सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के दराने जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता मिळतो, आयुष्यात एकदाच. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी चौकशी करावी. कारखाना बंद पडून किंवा कपात होऊन नोकरी गेली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखाली दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. वर्गणीच्या अटी दोन्हींना आहेत. जवळच्या ईएसआय शाखेत विमा क्रमांक घेऊन गेलात तर बसता की नाही ते तिथेच कळेल.

आता देण्याची बाजू. गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, चुकल्यानंतर नव्हे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खातं अनुत्पादित ठरतं आणि तुमच्या पतगुणांकाला मोठा धक्का बसतो. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं असे मार्ग शाखा व्यवस्थापकाशी बोलून निघू शकतात. क्रेडिट कार्डाचं 'मिनिमम ड्यू' भरून दिवस ढकलू नका. त्यावरचं व्याज वर्षाला ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरात जातं. त्यापेक्षा सोनं तारण ठेवून घेतलेलं कर्ज कितीतरी स्वस्त पडतं. मुलांची शाळा सोडून बाकी सगळ्या खर्चांवर तीन महिन्यांसाठी कात्री चालवा, आणि चालू एसआयपी मोडण्याआधी थांबवता येते का ते पाहा.

गट आरोग्य विमा सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागू नये, यासाठी स्थलांतराची सोय आहे. तिचा अर्ज नोकरीत असतानाच, शेवटच्या दिवसाआधी करा. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेलं कुणी असेल तर हा एक अर्ज पुढे लाखांत मोजला जाईल.

दुसरा आठवडा: शब्द टाकणं

आता शोध. इथे मराठी माणसाची एक अडचण आहे. ओळखीने काम मागणं म्हणजे वशिला लावणं, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. 'गुणवत्ता असेल तर बोलावतील' असं म्हणून आपण पोर्टलवर अर्ज टाकतो आणि वाट पाहत बसतो. तिकडे एकेका जागेला शेकडो अर्ज आलेले असतात, आणि निवडणाऱ्यापुढे आपल्याच माणसाने पाठवलेले दोन-तीन बायोडेटा आधीच असतात. बऱ्याच कंपन्या चांगला माणूस सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीसही देतात. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही, त्यालाही त्यातून काही मिळतं. शिवाय मुलाखत तुम्हालाच द्यायची असते; ओळख फक्त दारापर्यंत नेते.

यादी करा. गेल्या पाच वर्षांत ज्यांच्याबरोबर काम केलं ते सहकारी, नोकरी सोडून गेलेले जुने बॉस, क्लायंटकडची माणसं, व्हेंडर, कॉलेजचे मित्र. चुलत-मावस भावंडं आणि गावाकडची ओळखही धरा. 'नोकरी गेली, काही असेल तर सांग' असा सरसकट मेसेज ग्रुपवर टाकू नका. त्याला चाळीस जण हात जोडल्याची इमोजी टाकतात आणि विसरतात. एकेकाला वेगळं लिहा, नेमकं लिहा:

"नमस्कार, कसा आहेस? आमच्या इथे कपात झाली, त्यात माझी पोझिशन गेली. मी नऊ वर्षं बँकिंग प्रोजेक्टवर टेस्ट ऑटोमेशन केलंय, लगेच जॉइन होऊ शकतो. तुमच्या कंपनीच्या साइटवर अमुक क्रमांकाची जागा दिसली. माझा बायोडेटा पुढे पाठवशील का? त्या टीमबद्दल दहा मिनिटं फोनवर बोलता आलं तरी खूप मदत होईल."

यात चार गोष्टी आहेत: काय झालं, काय येतं, कोणती जागा, काय हवं. वाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही, नुसतं पुढे पाठवावं लागतं. आठवड्याने एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा नको. आणि काम झालं नाही तरी आभार मानावेत, कारण तीच व्यक्ती दोन महिन्यांनी स्वतःहून फोन करते.

शोधाची जागाही रुंद करा. आयटी सेवा कंपन्यांत कपात होत असताना परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं पुणे, बंगळूर, हैदराबादमध्ये माणसं घेत असतात. त्यांना अनुभवी माणूस हवा असतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची सविस्तर चौकट घालून दिली, त्यामुळे सांगली-कोल्हापूर-नाशिकच्या बँकांनाही त्या विषयातलं कळणारी माणसं लागतात. चाकण-रांजणगावच्या मधल्या आकाराच्या कारखान्यांना ईआरपी सांभाळणारा माणूस मिळत नाही. पगार कमी असेल, पण गावी स्वतःचं घर असेल तर हातात उरणारी रक्कम तुलना करून पाहण्यासारखी असते. राज्य सरकारच्या महास्वयंम पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी करून ठेवा. जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांच्या सूचना तिथे येतात, आणि कारखान्यातल्या जागांसाठी त्यांचा उपयोग होतो.

बायोडेटा: दोन पानं, आणि आकडे

वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, छंद, 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र: यातल्या कशालाच आता जागा नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांत बायोडेटा आधी संगणक वाचतो, त्यामुळे चौकटी, रंगीत पट्ट्या, दोन रकान्यांची सजावट टाळा. जाहिरातीत जे शब्द आहेत ते तुमच्या कामात खरोखर असतील, तर त्याच शब्दांत लिहा.

खरा फरक पडतो वाक्यांनी. 'टेस्टिंगची जबाबदारी सांभाळली' या वाक्यातून काहीच कळत नाही. ते टीममधला कुणीही लिहू शकेल. त्याऐवजी: 'चार जणांच्या टीमसह हाताने होणाऱ्या सहाशे चाचण्यांपैकी साडेचारशे स्वयंचलित केल्या, रिलीजला लागणारा वेळ आठ दिवसांवरून तीन दिवसांवर आला.' आता वाचणाऱ्याला काम दिसतं आणि मुलाखतीत विचारायला प्रश्नही मिळतो. कारखान्यातल्या माणसालाही हेच लागू: कोणत्या मशीनवर काम केलं, रिजेक्शन कितीवरून कितीवर आणलं, किती नवीन मुलं तयार केली. आकडे आठवत नसतील तर जुन्या मूल्यमापन अहवालांत सापडतात. ते आधी उतरवून घ्यायला सांगितलं ते यासाठीही.

मुलाखतीत

'आधीची नोकरी का सोडली?' हा प्रश्न येणारच. उत्तर दोन वाक्यांचं: "कंपनीने आमचं युनिट कमी केलं, त्यात माझी जागा गेली. त्यानिमित्ताने मी याच प्रकारच्या कामाकडे वळायचं ठरवलं, कारण…" आणि कामावर या. जुन्या कंपनीची उणीदुणी काढू नका, खुलासे करत बसू नका. समोरच्यानेही कपात पाहिलेली असते. तारखा लपवू नका. पार्श्वभूमी पडताळणीत पीएफच्या नोंदीवरून प्रत्येक नोकरीचा महिना कळतो, आणि खोटं सापडलं की हातात आलेली ऑफर जाते.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. आपल्याकडे तीन-तीन महिन्यांच्या नोटिशीमुळे कंपन्या कंटाळलेल्या असतात. 'लगेच जॉइन होऊ शकतो' हे तुमचं वजन आहे, ते बायोडेटाच्या पहिल्या ओळीतच लिहा. पगाराच्या बोलणीत मात्र नोकरी नाही म्हणून स्वतःहून आकडा खाली आणू नका. त्या पदाला बाजारात काय मिळतं ते आधी चौकशी करून ठेवा. ऑफर आली की वार्षिक पॅकेजपेक्षा हातात येणारी रक्कम आणि 'व्हेरिएबल'चा वाटा पाहा. पंधरा-वीस टक्के कमी पगाराची, पण शिकायला मिळणारी नोकरी घ्यावी का? हातातले पैसे तीन महिन्यांपेक्षा कमी पुरणार असतील तर घ्यावी. वर्षभराची सोय असेल तर थांबायला हरकत नाही. हा निर्णय स्वाभिमानाने करायचा नसतो, त्या दोन रकान्यांच्या कागदावरून करायचा असतो.

कोर्स, आणि फसवणूक

नोकरी गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त फोन कोर्स विकणाऱ्यांचे येतात. दोन-तीन लाखांची फी, 'नोकरीची हमी', आणि फी भरायला कर्जही तेच मिळवून देतात. थांबा. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या तीस जाहिराती वाचा आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारं, पण तुम्हाला न येणारं कौशल्य कोणतं ते टिपा. तेवढंच शिका. एनपीटीईएल आणि स्वयंमवर आयआयटीतल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत आहेत. फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला अल्प शुल्क आहे.

आणि एक पक्का नियम: नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा कुणीही नोकरी देत नसतो. 'लॅपटॉपची अनामत', 'पडताळणी शुल्क', 'प्रशिक्षणाची फी', टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचं 'घरबसल्या काम' हे सगळे सापळे आहेत. थायलंड-कंबोडियातल्या 'डेटा एंट्री'च्या आमिषाने गेलेली तरुण मुलं सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेल्याची उदाहरणं भारत सरकारनेच जाहीर केली आहेत. परदेशी नोकरीचा एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहिल्याशिवाय पासपोर्ट देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

अमेरिकेत असाल तर

एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांची मुदत सर्वांत कडक असते: नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा मुक्कामाची मान्य मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. या काळात नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल करायला हवा, नाहीतर जोडीदाराच्या एच-वनवर एच-फोर किंवा अभ्यागत म्हणून बी-टू असा दर्जा बदलून मागायला हवा, नाहीतर परत निघायला हवं. शेवटची तारीख इमिग्रेशन वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात पक्की करून घ्या. व्हिसाची मान्य मुदत संपण्याआधीच कंपनीने काढून टाकलं असेल तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीवर असतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. परतायचं ठरलं तर पुण्या-मुंबईत शोध तिथूनच सुरू करा.

नवी नोकरी लागल्यावर

जॉइनिंगच्या पेढ्यांबरोबर चार कामं उरकून टाका. आधीच्या कंपनीतल्या उत्पन्नाचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला द्या, म्हणजे जुलैमध्ये विवरणपत्र भरताना मोठा कर अंगावर येत नाही. जुना यूएएनच द्या आणि पीएफ नव्या खात्यात हलवा. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख नोंदवली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर नोंदवू शकता. कंपनीच्या विम्यावर विसंबून न राहता कुटुंबाची स्वतंत्र आरोग्य पॉलिसी चालू ठेवा. आणि पहिल्या पगारापासून सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळी साठवायला लागा.

ज्यांना ज्यांना शब्द टाकला होता, त्या सगळ्यांना कळवा. ज्यांच्याकडून काम झालं नाही त्यांनाही. त्यांतल्या कुणाची तरी पाळी पुढच्या वर्षी येईल, तेव्हा त्याचा बायोडेटा पुढे पाठवायला तुम्ही आत बसलेले असाल.